आदेशात न लिहिलेली बंदूक

माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्याला किंवा वाघाला ठार करण्याचा आदेश हा आपल्या प्रशासनातील अत्यंत दुर्मीळ आणि अत्यंत जड आदेश आहे. त्यात प्राण्याची ओळख असते, बळी गेलेल्या माणसांच्या तारखा असतात, पिंजरे किती लावले आणि बेशुद्ध करण्याचे प्रयत्न किती झाले याचा गोषवारा असतो, कायद्याचे कलम असते आणि खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची स्वाक्षरी असते. कोणत्या रायफलीतून कोणती गोळी झाडायची, हे मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही आदेशात लिहिलेले नव्हते. ज्या एका क्षणासाठी सारी संचिका तयार झाली, त्या क्षणाचे साधन संचिकेबाहेरच राहते. ही त्रुटी किरकोळ नाही आणि ती तांत्रिकही नाही, असे माझे मत आहे. शस्त्राची आणि काडतुसाची निवड हा शिकाऱ्याच्या आवडीनिवडीचा विषय नसून सक्षम अधिकाऱ्याने स्वाक्षरीनिशी घ्यावयाचा निर्णय आहे, हे मला या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम कायदा पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ११ नुसार अनुसूची एकमधील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला आहे, अथवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त आहे, अशी खात्री झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही अशी खात्री झाल्याशिवाय ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना नाही, हे गावकऱ्यांना आणि कधी कधी लोकप्रतिनिधींनाही पटवून द्यावे लागते. जिल्हा प्रशासनाकडे उरते ते गर्दीचे नियंत्रण, पूर्वीच्या कलम १४४ चे आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १६३ चे आदेश, आणि बळी गेलेल्याच्या घरी जाऊन उभे राहणे.

याच अधिनियमाच्या मूळ मसुद्यात परवान्याने होणाऱ्या शिकारीचे एक प्रकरण होते. मोठे श्वापद रायफलीनेच मारले पाहिजे आणि परवान्यात विशेष मुभा असल्याशिवाय छर्‍याच्या बंदुकीतून एकेरी गोळीही त्यासाठी वापरता येणार नाही, असे बंधन त्या प्रकरणात होते. म्हणजे साधनाचा विचार कायद्याने केलेला होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार संपली, हे योग्यच झाले; परंतु शिकारीबरोबर शस्त्राविषयीचे बंधनही पुस्तकातून गेले आणि कलम ११ च्या अपवादात्मक शिकारीसाठी त्याची जागा दुसऱ्या कशानेही भरली गेली नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक कार्यपद्धतीत हे काम शक्यतो विभागाच्याच कुशल कर्मचाऱ्याने योग्य बोअरच्या शस्त्राने करावे आणि त्यासाठी कोणतेही बक्षीस जाहीर करू नये, असे म्हटले आहे. बक्षिसाविषयीचा दंडक स्पष्ट आहे. परंतु ‘योग्य बोअर’ म्हणजे कोणते, ते कोणी ठरवायचे आणि कुठे नोंदवायचे, याचे उत्तर त्या दोन शब्दांत मिळत नाही.

हा प्रश्न वाराणसीतून पाहिला तर अधिक ठसठशीत दिसतो. काशीला येणाऱ्या मराठी यात्रेकरूला गंगेचे घाट, ब्रह्माघाटापासून दुर्गाघाटापर्यंतचे जुने मराठी वाडे आणि पलीकडचा रामनगरचा किल्ला ठाऊक असतो. त्या किल्ल्याच्या संग्रहालयात काशीनरेशांच्या जुन्या बंदुकाही मांडलेल्या आहेत. त्या बंदुका जिथे चालल्या ते जंगल मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. शहरापासून सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर विंध्याचे पठार सुरू होते. राजदरी आणि देवदरी या धबधब्यांच्या परिसरातील चंद्रप्रभा अभयारण्य, नौगढची वने आणि पुढे मिर्झापूर-सोनभद्रचा डोंगराळ पट्टा हा एकेकाळचा राजेरजवाड्यांचा शिकारीचा मुलूख होय. बिबट्या तिथे आजही आहे. उद्या तिथल्या एखाद्या वस्तीत बळी गेले आणि आदेश निघाला, तर हाताशी कोणती शस्त्रे असतील, हा काल्पनिक प्रश्न नाही.

शस्त्रांची टंचाई तर नक्कीच भासणार नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशातील सुमारे ३३.६९ लाख शस्त्रपरवान्यांपैकी १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात होते. यातल्या लांब नळीच्या शस्त्रांत दोन प्रकार सर्वत्र दिसतात : बारा बोअरची दुनळी आणि .३१५ बोअरची रायफल. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल इतकी रुंद नळी. .३१५ हा आकडा इंचातला. मिलिमीटरमध्ये तो आठ होतो. लष्कराची .३०३ काडतुसे खासगी हातांत फिरू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने तो बोअर नागरिकांना बंद केला, आणि त्या बंदीच्या सावलीत .३१५ ची भारतात चलती झाली. मराठी वाचकाला यात एक ओळखीची खूण सापडेल. या काडतुसांच्या बुडावर बहुधा ‘८ एमएम केएफ’ अशी अक्षरे कोरलेली असतात. ‘केएफ’ म्हणजे किरकी फॅक्टरी. १८६९ साली स्थापन झालेला पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. पूर्वांचलातल्या शस्त्रांच्या दुकानांतून आणि दुर्दैवाने देशी कट्ट्यांतूनही पुण्याचेच काडतूस फिरत असते.

आता ही शस्त्रे एकेक करून तपासू. बारा बोअरची दुनळी गावोगाव सापडते, जवळून भेदक असते आणि अंधारात झटकन खांद्याला लागते. एलजी किंवा एसजी छर्‍यांचे काडतूस दहा-पंधरा मीटरवर भयंकर काम करते. परंतु पंचवीस मीटरच्या पुढे छर्रे पांगतात; त्यातले दोन-तीन पोटात किंवा पायात बसतात आणि बिबट्या उसात अथवा झाडोऱ्यात शिरतो. जखमी बिबट्या हा नरभक्षक बिबट्याहून अधिक धोकादायक असतो. त्याला आता माणूस शत्रू म्हणून ठाऊक झालेला असतो, त्याची धाव कमी झाल्याने हरिणापेक्षा माणूस त्याला सोपा वाटू लागतो, आणि त्याचा माग काढायला जाणारा वनरक्षक बहुतेक वेळा लाठी घेऊन जातो. म्हणून दुनळी हे मुख्य शस्त्र नव्हे. ते माग काढणाऱ्या पथकाच्या बचावाचे शस्त्र आहे. जखमी श्वापद पाच-सात मीटरवरून झेपावते तेव्हा दुनळीइतके उपयोगी दुसरे काही नसते.

.३१५ ची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची, जड आणि संथ. बिबट्याची कातडी पातळ, हाडे हलकी आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजनही साधारण पन्नास ते सत्तर किलो. त्यामुळे पन्नास मीटरच्या आत ही गोळी पुरेशी आहे. अडचण शस्त्राच्या अवस्थेची असते. परवान्याच्या कित्येक रायफली लग्नाच्या वरातीत आणि दाराशी मिरवण्यासाठीच बाहेर निघतात. वर्षानुवर्षे त्यांचा नेम जुळवलेला नसतो, आणि काडतुसे कपाटात कित्येक पावसाळे काढलेली असतात. ओलसर काडतूस पेटले नाही, तर ‘टक्’ असा आवाज होतो आणि मचाणाखालचा बिबट्या पुढचे सहा महिने मचाणाखाली येत नाही.

तिसरा पर्याय पोलिसांच्या शस्त्रागाराचा, आणि प्रशासकाला तोच सर्वांत सोयीचा वाटतो. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर .३०३ रायफलीला निरोप दिला. तिची जागा इन्सास आणि एसएलआर यांनी घेतली. ही शस्त्रे उत्तम स्थितीत असतात, जवान सराव करतात, काडतुसांचा हिशेब चोख असतो. तरीही ती या कामासाठी अयोग्य आहेत. त्याचे कारण रायफलीत नसून गोळीत आहे.

लष्करी आणि पोलिसी गोळी पूर्णपणे कठीण धातूच्या आवरणात असते. ती शरीरात पसरत नाही. अनेकदा अरुंद छिद्र पाडून पलीकडे निघून जाते. ही रचना हेतुपूर्वक केलेली आहे. कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात टोकाशी उघड्या शिशाची गोळी तयार झाली. ती शरीरात शिरताच फुलासारखी पसरत असे. ‘दमदम गोळी’ या नावाने ती जगभर कुप्रसिद्ध झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात पसरणाऱ्या गोळ्या न वापरण्याचा जाहीरनामा झाला. युद्धात हेतू शत्रूला निकामी करण्याचा असतो, अकारण यातना देण्याचा नसतो, हे त्यामागचे तत्त्व. प्राण्याच्या बाबतीत दयेचे गणित नेमके उलटे आहे. तिथे मारायचेच आहे असे ठरले असेल, तर मृत्यू तत्काळ यावा ही दया. आणि त्यासाठी पसरणारी गोळीच हवी, जिला शिकारी ‘सॉफ्ट नोज’ म्हणतात. ती आपली सारी शक्ती प्राण्याच्या छातीत खर्च करते आणि सहसा पलीकडे जात नाही. कठीण गोळी बिबट्याच्या अंगातून आरपार गेली, तर उसाच्या पलीकडे बघ्यांची गर्दी उभी असते, हे आपल्या गावांत गृहीतच धरावे लागते. सारांश, शस्त्रागारात जे सहज उपलब्ध आहे ते माणसासाठी बनवलेले आहे. बिबट्यासाठी बनवलेले शस्त्र वेगळे आणि काडतूस तर त्याहून वेगळे.

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर एका तहसीलदाराची बंदूक आठवावी. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीला जिम कॉर्बेट यांनी मारले. तिच्या नावावर ४३६ बळी होते. हा मुलूख तेव्हाच्या संयुक्त प्रांतात होता. बनारसही त्याच प्रांतात. कॉर्बेट यांनी मोहिमेपूर्वी दोन अटी घातल्या होत्या : सरकारी बक्षिसे रद्द करावीत आणि इतर सर्व बंदूकधाऱ्यांना मागे घ्यावे. त्यांच्याजवळ .५०० ची रायफल होती, पण काडतुसे तीनच. ती संपली तरी वाघीण उभी होती. तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराच्या हातातली बंदूक घेतली. बंदूक उचलली तेव्हा तिच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये स्पष्ट फट दिसत होती. नेम वाघिणीच्या उघड्या जबड्यावर धरला. गोळी लागली ती तिच्या पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनी मेली म्हणून कॉर्बेट वाचले. पुढे नैनितालच्या दरबारात लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्या तहसीलदाराला बंदूक भेट दिली. कॉर्बेट यांना त्या कामगिरीबद्दल .२७५ रिग्बी रायफल मिळाली. हलकी, अचूक, सात मिलिमीटरची. पुढे मोठमोठे बोअर बाळगणाऱ्या शिकाऱ्यांच्या जगात याच लहान रायफलीचे नाव कॉर्बेट यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

या प्रसंगात प्रशासनासाठी तीन धडे आहेत. काडतुसे पुरेशी हवीत, दुसरे शस्त्र तपासलेले हवे आणि बोअरच्या मोठेपणापेक्षा नेमाची खात्री महत्त्वाची. त्या तहसीलदाराची निष्ठा किंवा धैर्य कमी नव्हते. वाघिणीच्या हाक्यात तो स्वतः उतरला होता. कमी पडले ते साधन, कारण त्याची तपासणी करणे हे कोणाचेच काम नव्हते. शंभराहून अधिक वर्षांनंतरही ते कोणाचे काम आहे, हे आपल्या नियमांत लिहिलेले नाही.

काही वाचक विचारतील की परदेशात याविषयी विपुल साहित्य असताना आपण ते का वापरू नये? अमेरिकेच्या पश्चिम भागात प्यूमाची, म्हणजे तिथल्या ‘माउंटन लायन’ची, अनेक राज्यांत परवान्याने शिकार होते (कॅलिफोर्नियाने मात्र ती १९९० च्या जनमताने बंद केली). प्यूमा वजनाने साधारण आपल्या बिबट्याएवढाच. त्यामुळे तिथले सल्ले आपल्याला सरळ लागू पडतील असे वाटते. परंतु तिथे कुत्री प्यूमाला झाडावर चढवतात, शिकारी दिवसाउजेडी झाडाखाली पोहोचतो आणि दहा-वीस मीटरवरून स्थिर प्राण्यावर नेम धरतो. अशा प्रसंगी लहान बोअर पुरतो. आपल्याकडे गोळी झाडली जाते ती बहुधा रात्री, बॅटरीच्या झोतात, हलत्या सावलीवर. मागे वस्ती, पुढे शेत आणि सभोवती क्रुद्ध जमाव. प्राणी तेवढ्याच वजनाचा असला तरी प्रसंग निराळा आहे, आणि शस्त्र निवडायचे ते प्रसंगावरून. परदेशाकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. नामिबिया, झिम्बाब्वे यांसारख्या देशांत कोणत्या प्राण्यासाठी गोळीची किमान ऊर्जा किती हवी, हे ज्यूलच्या आकड्यांत नियमांनीच ठरवून दिलेले आहे. ‘योग्य बोअर’ हे शब्द आकड्यांत उतरवता येतात, याचा हा पुरावा.

माझे मत विचाराल तर बिबट्यासाठी .३०-०६ बोअरची बोल्ट रायफल ही भारतातील प्रशासनाला सर्वांत सुकर निवड आहे. ‘थर्टी ओ सिक्स’ या नावातला सहा म्हणजे १९०६ साल. काडतूस शंभर वर्षांहून अधिक काळ तावूनसुलाखून निघालेले आहे. ही रायफल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनत आलेली आहे आणि तिचा बोअर निषिद्ध वर्गात मोडत नाही. सुमारे बारा ग्रॅमची सॉफ्ट नोज गोळी नळीतून निघताना साधारण ३,८०० ज्यूल ऊर्जा बाळगते. बिबट्याच्या छातीसाठी हे पुरून उरते, आणि तरीही खांद्याला बसणारा धक्का इतका नसतो की नेमबाज चाप ओढताना डोळे मिटून घेईल. त्यावर कमी शक्तीची, रुंद दृष्टिक्षेप देणारी दुर्बीण असावी. जास्त शक्तीच्या दुर्बिणीतून तीस मीटरवरचा बिबट्या नुसता ठिपक्यांचा पडदा दिसतो. नेम खांद्याच्या मागे हृदय-फुप्फुसांवर. डोक्यावर नव्हे, कारण कवटी लहान व उतरती असते आणि दात-जबडा हा शवविच्छेदनातला महत्त्वाचा पुरावा असतो. नेमबाजाचा हात बसलेला असेल आणि रायफल तपासलेली असेल, तर .३१५ सुद्धा चालेल. वाघासाठी मात्र हिशेब बदलतो. दोनशे किलोच्या जनावराला .३७५ सारखा मोठा बोअरच शोभतो.

बेशुद्धीची बंदूकही याच चर्चेत आली पाहिजे, कारण कायद्याने ती पहिली आहे. तिचा पल्ला तीस-चाळीस मीटरचा, आणि बाण लागल्यापासून औषधाचा अंमल चढेपर्यंत पाच ते पंधरा मिनिटे जातात. त्या मिनिटांत बिबट्या झोपत नाही; पळतो किंवा उलटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात वीसेक दिवसांत तिघांचा बळी गेला, त्यांत दोन मुले होती. रात्री शोध लागल्यावर बेशुद्धीचा बाण साधला नाही आणि अखेर नेमबाजांना गोळी झाडावी लागली. म्हणजे बाण मारणाऱ्याच्या शेजारी योग्य रायफल घेतलेला माणूस उभा असणे हे ऐनवेळचे शहाणपण नसून पूर्वनियोजन असले पाहिजे.

शस्त्र कागदाबाहेर राहिले की काय होते, याचे दुसरे टोक यवतमाळने दाखवले. पांढरकवडा परिसरातील टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणून ओळखतात, तेरा माणसांच्या मृत्यूशी जोडली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. मग वाद सुरू झाला तो आदेशाच्या वैधतेपेक्षा अधिक त्या शेवटच्या काही सेकंदांविषयी. गोळी कोणी झाडली, त्याला तो अधिकार होता का, वाघीण अंगावर आली होती की पाठमोरी होती, मांडीवरचा बेशुद्धीचा बाण तिच्या जिवंतपणी लागला की नंतर टोचला गेला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने प्रक्रियेतील उल्लंघनांवर बोट ठेवले, त्यांत शस्त्र अधिनियमाचाही उल्लेख होता. शस्त्र, काडतूस आणि ते वापरणारा हात ही तिन्ही आदेशातच नमूद असती, तर यांतले निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते. न्यायालयात टिकलेला आदेश जंगलात डळमळला, कारण शेवटच्या पायरीवर कागद संपला होता.

आणि कागद अजिबातच नसेल तर काय होते, यासाठी पुन्हा चंद्रप्रभेकडे यावे लागेल. १९५७ साली गीरमधून एक सिंह आणि दोन सिंहिणी तिथे आणून सोडण्यात आल्या. त्या वेळी सौराष्ट्र द्वैभाषिक मुंबई राज्यात होते आणि चंद्रप्रभा वाराणसी जिल्ह्यात. चंदौली हा स्वतंत्र जिल्हा १९९७ चा. आशियाई सिंहाला गीरबाहेर दुसरे घर मिळावे, हा त्यामागचा दूरदृष्टीचा विचार होता. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरावर गेली. नंतर ते दिसेनासे झाले. गुरे मारली जात होती म्हणून कोणी विष घातले असावे, कोणी गोळ्या झाडल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही, कारण आदेश नव्हता, पंचनामा नव्हता, शवविच्छेदन नव्हते आणि कोणत्या बंदुकीतून काय निघाले याची नोंद तर नव्हतीच. सिंह होते, बंदुका होत्या, नुकसान सोसणारे गुराखी होते. या तिघांच्या मध्ये जे प्रशासन असायला हवे होते ते नव्हते. २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह मोजले गेले, पण भारतात त्यांचे वन्य घर अजूनही एकच आहे. विंध्यातले दुसरे घर कसे उद्ध्वस्त झाले, हे आपण निश्चितपणे कधीही सांगू शकणार नाही.

माझ्या या आग्रहावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की आदेशात बंदुकीचा उल्लेख आला तर मारण्याला प्रतिष्ठा मिळेल. बोअर आणि ज्यूल यांची चर्चा म्हणजे शिकारीचा मागल्या दाराने प्रवेश. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो उलट्या दिशेने जातो. शिकारीची हौस फोफावते ती नियम मोघम असतात तिथे. ‘योग्य शस्त्र’ एवढेच लिहिले की आपापली महागडी रायफल घेऊन हौशी मंडळी दारात उभी राहतात आणि त्यांतून कोणाला निवडावे याचा दबाव अधिकाऱ्यावर येतो. शस्त्र सरकारी, काडतूस मोजलेले आणि नेमबाज यादीतला, असे ठरले की हौसेला जागाच उरत नाही. दुसरा आक्षेप असा की हे तज्ज्ञावर सोडावे. तज्ज्ञाचा सल्ला जरूर घ्यावा. परंतु शल्यविशारद कितीही निष्णात असला तरी शस्त्रक्रियागृहातल्या उपकरणांची यादी रुग्णालय ठेवते. तज्ज्ञता व्यक्तीची असते, जबाबदारी संस्थेची.

तेव्हा माझ्या सूचना अशा. प्रत्येक वनवृत्तात दोन .३०-०६ रायफली आणि दोन बारा बोअरच्या दुनळ्या विभागाच्या मालकीच्या असाव्यात; त्या पोलिसांच्या शस्त्रागारात, पण वेगळ्या नोंदवहीत ठेवाव्यात. वर्षातून दोनदा, त्यातून एकदा पावसाळ्यानंतर, त्यांचा नेम ठरावीक अंतरावर जुळवून त्याचे लक्ष्यपत्र संचिकेत लावावे. काडतुसे सॉफ्ट नोज असावीत, एकाच तुकडीची असावीत आणि मुदत ठरवून बदलावीत. नेमबाजांची यादी संकटापूर्वी तयार असावी आणि तिच्यात दरवर्षी चाचणी देणाऱ्यालाच स्थान असावे. कलम ११ च्या आदेशासोबत एक पानाचे परिशिष्ट असावे : शस्त्राचा क्रमांक, काडतुसाचा प्रकार आणि दिलेली संख्या, मुख्य आणि दुय्यम नेमबाज, कोणत्या दिशेला गोळी झाडायची नाही, आणि प्राणी जखमी होऊन निसटला तर माग काढण्याची जबाबदारी कोणाची. कारवाईनंतर झाडलेली आणि उरलेली काडतुसे जुळवून घ्यावीत आणि शरीरात सापडलेली गोळी शवविच्छेदन अहवालासोबत मोहोरबंद करावी. यासाठी नवा कायदा नको, नवे पदही नको. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

यातला खर्च एखाद्या सरकारी वाहनाच्या किमतीपेक्षा अधिक नाही. तो न केल्याची किंमत मात्र तिघे मोजतात. गावातली ती आई, जिला मूल अंगणात सोडवत नाही. तो वनरक्षक, ज्याला जखमी बिबट्यामागे उसात पाठवले जाते. आणि तो बिबट्या, ज्याला मारण्याचा निर्णय शासनाने विचारपूर्वक घेतला पण नीट मारण्याचा घेतला नाही. शासन एखाद्या जिवाचा अंत करण्याचा अधिकार स्वतःकडे घेते तेव्हा तो अंत कशाने आणि कसा होणार, हेही त्याच स्वाक्षरीखाली लिहिलेले असले पाहिजे.